जुन्या शास्टा ट्रेलरवर गॅसच्या टाक्या बसवल्या त्याची गोष्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या ड्राइव्हवेत एक १९६३ची शास्टा एअरफ्लाइट उभी आहे, तीच ती मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असलेली. पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याच्या खळ्यात पडून होती तिथून ओढून आणली. आतलं लाकूडकाम, छताची गळती, वायरिंग यावर कधीतरी वेगळं लिहीन, पण आत्ता फक्त पुढच्या टाक्यांबद्दल लिहितोय. कारण लोक फोटो बघतात आणि विचारतात की पडदे कुठून आणले, आणि टाक्या कशा धरल्यात हे कोणीच विचारत नाही. ६० मैलांच्या वेगाने जाताना भरलेले दोन सिलिंडर बाहेर उघड्यावर, रस्त्यापासून दीड फुटावर असतात हो!

ज्यांनी असा ट्रेलर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेलरच्या पुढे लोखंडी चॅनेलचा इंग्रजी ए सारखा त्रिकोण असतो, त्याला टंग म्हणतात, त्याच्या टोकाला गाडीच्या बॉलवर बसणारा कपलर. या त्रिकोणावर, कपलरच्या मागे आणि ट्रेलरच्या भिंतीच्या पुढे टाक्यांची जागा. तिथून तांब्याची नळी खालून आत शेगडीला आणि हीटरला जाते. आपल्याकडे घरात १४.२ किलोचा सिलिंडर येतो त्यात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं, इथे निव्वळ प्रोपेन, कारण ब्युटेन थंडीत गॅसच व्हायला तयार नसतो आणि प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत उकळतं. इथली सगळ्यात जास्त चालणारी टाकी २० पाउंडांची, म्हणजे साधारण ९ किलो गॅस, आणि त्याच्यावरची ३० पाउंडांची म्हणजे जवळजवळ आपल्या घरच्या सिलिंडरएवढी.

ट्रेलर आणला तेव्हा टंगवर एक कुजकी फळी होती, फळीवर दोन गंजके सिलिंडर आणि ते सामान बांधायच्या पट्ट्याने आवळलेले. वर वाल्व्हचं चाक गोल. गोल चाक दिसलं की समजायचं की हा सिलिंडर आता कोणी भरून देणार नाही. १ एप्रिल २००२ पासून इथे ४ ते ४० पाउंडांच्या सिलिंडरला ओव्हरफिल थांबवणारा वाल्व्ह असल्याशिवाय भरत नाहीत, आणि त्या नव्या वाल्व्हचं चाक तिकोनी असतं. आत एक फ्लोट असतो, टाकी ८० टक्के भरली की तो वर येऊन तोंड बंद करतो. वरचे २० टक्के रिकामे ठेवायचे कारण उन्हात प्रोपेन भरपूर फुगतं. जुन्या वाल्व्हला उलटे आटे, पान्याने आवळायचे, नव्याला बाहेरून जाड सरळ आटे आणि प्लास्टिकचं मोठं नट, हाताने घट्ट होतं, आणि आग लागली तर आतला भाग वितळून गॅस बंद होतो. वाल्व्ह बदलून जुने सिलिंडर वापरता येतील का असं एकाने सुचवलं होतं, पण तळाच्या कडीला बोटाने खरवडलं तर पापुद्रे निघायला लागले, मग विषयच संपला. ते गॅसवाल्याकडे नेऊन दिले. कचऱ्यात टाकायचे नसतात, आत थोडा गॅस कायम असतो.

नवीन घेताना किंवा कोणाकडून जुना घेताना कॉलरवरचे (वाल्व्हभोवतीच्या पत्र्याच्या कड्यावरचे) ठसे वाचायला शिका. आपल्याकडे सिलिंडरच्या पट्टीवर तिमाहीचं अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं ना, तसं इथे महिना-वर्ष ठोकलेलं असतं, ती बनवल्याची तारीख. तिथून १२ वर्षं चालतो, मग तपासून घ्यावा लागतो, आणि नुसती बाहेरून तपासणी केली असेल तर नव्या तारखेपुढे ई अक्षर मारतात आणि पुढची मुदत ५ वर्षांची. टीडब्ल्यूपुढचा आकडा रिकाम्या टाकीचं वजन. आमच्या दोन्हींवर १७ पाउंडांच्या आसपास आहे, म्हणजे भरली की एक ३७. अॅल्युमिनियमच्या चकचकीत टाक्या जुन्या ट्रेलरवर फार देखण्या दिसतात आणि हलक्याही असतात, पण किंमत बघून मी परत कपाट लावायला लागलो. पोलादीच घेतल्या आणि फिकट क्रीम रंग मारला. रंग मारायला हरकत नाही, फक्त ठसे, लेबल आणि वाल्व्ह झाकायचं नाही आणि गडद रंग नको, उन्हात तापतात.

दोन कशाला, एक पुरली नसती का? शेगडीपुरती एकच बास होती. २० पाउंडांत ४ लाख बीटीयूच्या (उष्णता मोजायचं इथलं माप) वर उष्णता असते आणि शेगडीचा एक बर्नर तासाला ७ हजाराच्या आसपास खातो, म्हणजे चहा-खिचडीवर कितीतरी दिवस निघतात. पण आम्ही छोटा हीटर बसवलाय आणि तो तासाला २० हजार बीटीयू खातो. ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या शेननडोआ पार्कला रात्री पारा गोठणबिंदूजवळ जातो, आणि एकच टाकी असेल तर ती पहाटे तीनलाच संपते, दुपारी कधीच नाही, हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून दोन टाक्या आणि मध्ये एक संपली की आपोआप दुसरीवर जाणारा रेग्युलेटर.

आता मुख्य काम, बसवणं. त्याच वेळी माझे सासरे म्हणजे नाना पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. नाना एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यामुळे इथे आल्यापासून हात शिवशिवत होते, सारखं लॉन कापून झालं होतं. मी तयार रॅक मागवला होता. लोखंडी ट्रे, त्यात दोन गोल खाचा, मधून उभा आट्यांचा रॉड, वर आडवी पट्टी आणि तिला आवळायला पंखाचं विंग नट. नानांनी ते नट हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे हाताने लावायचं आणि खड्ड्याने काढायचं, असंच ना?"

त्यांनी मला आधी काही बोल्ट-बिल्ट न मारता रिकाम्या टाक्या ट्रेमध्ये ठेवून हलवून बघायला लावलं, आणि तिथेच निम्मं समजलं. टाकीच्या तळाला जी गोल कडी असते ती ट्रेच्या खाचेत घागर चुंबळीवर बसते तशी बसली पाहिजे, आणि खाचेची कड इतकी उंच पाहिजे की टाकी थोडी उचलली गेली तरी कडी बाहेर पडणार नाही. ब्रेक मारला की टाकी पुढे जात नाही, पुढच्या कडेवर कलंडायला बघते. खड्ड्यात ती वर उडायला बघते. म्हणजे खालची खाच टाकीला सरकू देत नाही आणि वरची पट्टी उठू देत नाही, दोघींपैकी एक जरी ढिली असली तरी दुसरीचा काही उपयोग नाही. सामान बांधायचा पट्टा टाकीच्या पोटावर आवळला तर तो यातलं एकही काम नीट करत नाही. शिवाय उन्हा-पावसात कुजतो आणि पत्र्याच्या कडेला घासून दोरा दोरा होतो.

वरची पट्टी हा जुन्या ट्रेलरचा खरा घोळ आहे. आमच्या शेजारच्या गावात एकाकडे मूळ रॅक असलेला जुना ट्रेलर आहे, तो बघून आलो. ती पट्टी त्या काळच्या टाक्यांच्या मापाची. आताच्या टाकीला वाल्व्हभोवती उंच कॉलर असते आणि तिला हात घालायला खाचा असतात. जुनी पट्टी एका कॉलरवर टेकते आणि दुसरीवर अधांतरी राहते, नट कितीही आवळा, एक टाकी हलतेच. लांबून बघितलं तर छान बसल्यासारखं दिसतं. आमच्या नव्या रॅकची पट्टी दोन्ही कॉलरच्या खाचेत शिरून बसते, तरी आम्ही एकेका टाकीला वेगवेगळं धरून गदगदा हलवून बघितलं. रॉडची लांबीही टाकीप्रमाणे येते, २० पाउंडवाल्याला आखूड आणि ३०वाल्याला लांब. ३०चा रॉड २०ला लावला तर वर भाल्यासारखा राहतो आणि कोणाच्या तरी डोळ्यात जातो, तेव्हा मागवताना नीट बघा.

मग ट्रे कुठे धरायचा? फळीवर नाही, फ्रेमवर. तारेच्या ब्रशने टंगचा गंज काढला, नाना हातोडीने इंचा-इंचावर ठोकत गेले आणि आवाज ऐकत गेले. जुन्या फळीखाली जिथे पाणी साचायचं तिथे चॅनेलला खड्डे पडले होते पण आरपार काही नव्हतं. फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत भोक पाडायचं नाही हे वेल्डरनेही सांगितलं आणि नानांनीही, सगळा ताण तिथेच असतो. म्हणून दोन अँगल आडवे टाकून ते टंगला वेल्ड करून घेतले आणि ट्रे त्या अँगलला चार बोल्टने कसला, म्हणजे उद्या ट्रे बदलायचा झाला तर वेल्डिंग कापायला नको. वेल्डिंग आम्ही स्वतः केलं नाही, सर्टिफिकेटवाला माणूस बोलावला. टंगवर तोपर्यंत एकही टाकी नव्हती, आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या होत्या. अँगल साधे घ्या, जस्त चढवलेले घेतले तर वेल्डच्या जागी जस्त घासून काढावं लागतं, त्याचा धूर वाईट.

बोल्ट तीन अष्टमांश इंचाचे, ग्रेड ५. डोक्यावर तीन रेघा असतात. नाना आपल्याकडच्या मेट्रिक बोल्टवर असतो तसा ८.८ हा आकडा शोधत होते, मग मी रेघांचं सांगितलं तर म्हणाले की ठीक आहे, भावकीच आहे. मधला रॉड ट्रेला नुसता आट्यांनी अडकवलेला होता, तो त्यांनी खालून अँगलशेजारच्या जाड पट्टीतून आरपार घेतला, वर एक नट, खाली एक नट, स्प्रिंग वॉशर आणि परत चेक नट, म्हणजे पहिलं नट सुटू नये म्हणून त्याला भिडवलेलं दुसरं. विंग नट ठेवलं, कारण ते मोठं आहे आणि हाताने फिरतं, पण त्याच्यावर अजून एक साधं नट आणि त्याच्यावर रॉडला भोक पाडून कुलूप. कुलूप चोरासाठी, पण विंग नट जरी फिरायला लागलं तरी कुलपाला अडून थांबतं हा त्यातला बोनस. मी विचारलं, "नाना, एवढं सगळं लागतं का?" तर म्हणाले, "गाडी धावताना प्रत्येक नट सुटायलाच बघत असतो असं धरून चाला. तुमचा हा तर न फिरणाऱ्या टाकीवर बसलाय, त्याला दुसरं कामच काय आहे?" नंतर सगळ्या नटांवर आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की नट हललं. पेट्रोल भरायला थांबलो की पाना न काढता नुसती नजर टाकायची.

जागा ठरवताना अजून दोन-चार गोष्टी बघायच्या असतात त्या कागदावर नाही कळत. गाडी जोडून, पूर्ण वळवून बघा, बंपरचा कोपरा टाकीपर्यंत येतो का. गाडीचं मागचं दार उघडून बघा, आमचं दार टाकीला नाही पण जॅकच्या दांड्याला लागत होतं. टाकी आणि ट्रेलरच्या भिंतीमध्ये हात जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर खडी उडून दोन्हींचा रंग जातो आणि मागचा नट पुसताही येत नाही. टाकी उभीच राहिली पाहिजे, आडवी झाली की गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. आणि बॅटरी तिथेच टंगवर ठेवायची असेल तर झाकणाच्या डब्यात आणि जमेल तेवढी लांब, ठिणगी आणि गॅस शेजारी-शेजारी राहायला नकोत. प्रोपेन हवेपेक्षा जड असतं, गळलं तर वर उडून जात नाही, खालीच साचतं.

रेग्युलेटर दोन स्टेजचा, म्हणजे दाब दोन टप्प्यांत कमी करणारा घेतला. जुन्या ट्रेलरवर एकाच स्टेजचे असायचे, ते ठेवू नका, माझं स्पष्ट मत आहे. तो ट्रेच्या मधल्या ब्रॅकेटवर, टाकीच्या तोंडापेक्षा वर, म्हणजे नळीत काही तेलकट-ओलं जमलं तर ते टाकीकडे परत जातं. श्वास घ्यायचं छोटं भोक खाली तोंड करून, वर केलं तर पावसाचं पाणी जातं आणि थंडीत गोठतं. दोन्ही पिगटेल, म्हणजे टाकीपासून रेग्युलेटरपर्यंतच्या लवचिक नळ्या हलक्या वळणाने याव्यात, ताणून नाही आणि पीळ देऊन नाही, म्हणून टाक्यांच्या कॉलरची उघडी बाजू रेग्युलेटरकडे वळवून ठेवतो. तांब्याच्या नळीच्या फ्लेअर (नळीचं तोंड फाकवून केलेल्या) जोडावर टेप लावायची नाही, तिथे धातूवर धातूच बसतो. टेप किंवा पेस्ट फक्त निमुळत्या आट्यांना, तीही गॅसची. फरशीतून नळी जिथे आत शिरते तिथे रबरी वायसर आणि दोन-दोन फुटांवर क्लॅम्प, कारण तांबं हलत राहिलं की कडक होतं आणि एक दिवस चीर जाते.

गळती बघायला साबणाचं पाणी. भांड्यांचा साबण चालतो पण अमोनिया नसलेला, अमोनिया पितळेला खातो. वाल्व्ह हळू उघडायचा. झटकन उघडला तर नव्या वाल्व्हला लागणाऱ्या त्या प्लास्टिकच्या नटाच्या जोडणीतला सुरक्षेचा चेंडू गॅस अडवतो आणि माणूस तासभर रेग्युलेटर खराब आहे म्हणून भांडत बसतो. पिगटेलच्या एका जोडावर बारीक बुडबुडे यायला लागले, मोहरीएवढेसुद्धा नाही, खसखसच, एकामागून एक. वासही येत नव्हता. बंद करून, पुसून, परत घट्ट केलं आणि परत साबण. त्यानंतर ट्रेलरची गॅस दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडून दाबाची तपासणी करून घेतली, ती मात्र घरी करायची नाही. तो पाण्याच्या नळीचा मॅनोमीटर लावतो, रेग्युलेटरमधून ११ इंच पाण्याइतका दाब यायला हवा (म्हणजे अर्धा पीएसआयसुद्धा नाही), आणि मग सगळं बंद करून बघतो की पाणी खाली येतंय का. आमचं आलं नाही. साबण उघड्या जोडांना ठीक, पण भिंतीतल्या साठ वर्षांच्या नळीला साबण कसा लावणार?

वजनाचं राहिलंच. दोन भरलेल्या टाक्या आणि रॅक मिळून ९० पाउंड होतात, आणि आमचा ट्रेलर सामानासकट जेमतेम २००० पाउंडांचा. टंगवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. कमी आला तर ट्रेलर मागे शेपटी हलवतो, जास्त आला तर गाडीचं बूड बसतं. बाथरूमच्या वजनकाट्यावर मोजता येतं. एक जाड लाकूड घ्यायचं, एका टोकाखाली ठोकळा, दुसऱ्या टोकाखाली काटा, आणि टंग ठोकळ्यापासून १ फूट आणि काट्यापासून २ फुटांवर टेकवायची, काटा दाखवेल त्याला ३ ने गुणायचं. आधी १९० यायचा, टाक्यांनंतर २५७ झाला. नव्वदच्या नव्वद टंगवर येत नाहीत, काही भाग मागे एक्सलवर जातो, म्हणून टाक्या जितक्या भिंतीकडे तितका बॉलवर भार कमी. आमच्या बाबतीत ही वाढ हवीच होती, पण गाडीच्या हिचवर (गाडीमागे बॉल ज्यावर बसतो तो सांगाडा) लिहिलेली मर्यादा बघा. क्लास वनचा हिच टंगला २०० पाउंडच घेतो, आमचा क्लास थ्री आहे. ३० पाउंडांच्या टाक्या घेतल्या असत्या तर अजून चाळीसेक पाउंड वाढले असते, ते या वयाच्या फ्रेमवर मला नको होते.

चालवताना दोन्ही वाल्व्ह बंद. काही लोक गॅसवरचा फ्रिज चालू ठेवून जातात, आमच्याकडे आइसबॉक्सच आहे त्यामुळे तो वादच नाही. आणि बाहेर पडताना रस्ता बघून निघावं लागतं, हे टाक्या लागेपर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर चालत नाही. पूर्वी असे ट्रेलर फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला, त्यामुळे आता शहराभोवतीच्या ६९५ हायवेच्या पश्चिम बाजूने पूर्ण शहराला वळसा. न्यूयॉर्कला जाणारे लिंकन आणि हॉलंड टनेलही अशा टाक्यांना बंद. चेसापीक बेच्या पूल-बोगद्यातून मात्र दोन पक्क्या बसवलेल्या टाक्या वाल्व्ह बंद करून नेता येतात. जीपीएसला यातलं काही कळत नाही, तो खुशाल बोगद्यात घालतो. पहिल्यांदा शेननडोआला निघालो तेव्हा नाना पुढे बसून पाट्या वाचत होते, दर थांब्यावर उतरून पांढऱ्या रेघा बघत होते, आणि हॅरिसबर्गकडून जाऊया म्हणजे बाल्टिमोरचा प्रश्नच नाही हे नकाशा उलगडून त्यांनीच काढलं.

हिवाळ्यात टाक्या काढून बाहेर शेडच्या मागे उघड्यावर, उभ्याच ठेवतो, गॅरेजमध्ये किंवा तळघरात नाही. पिगटेलच्या तोंडांना आणि टाक्यांच्या वाल्व्हला प्लास्टिकची बुचं घालून ठेवतो, कारण गॅसमध्ये मिसळलेल्या वासाला कोळी येतात आणि बारीक नळीत जाळं करतात, मग वसंतात हीटर पेटता पेटत नाही. नाना आता पुण्यात आहेत. फोन केला की आधी नातवाची चौकशी, मग चेक नट तपासलं का.